सणावारांच्या सामानातून स्पीच थेरपी, कात्री-लॅमिनेशनशिवाय

पोळा आला की नागपुरात सणांची रांग लागते. तान्हा पोळा, मारबत, गणपती, भुलाबाई, दसरा, दिवाळी, नाताळ, मग संक्रांत. स्पीच थेरपीला येणाऱ्या मुलांचं वेळापत्रक नेमकं याच महिन्यांत विस्कटतं. पाहुणे येतात, गावाला जाणं होतं, सेशन बुडतात, आणि मेहनतीने मिळवलेलं सगळं आता पुसलं जाणार अशी धास्ती आईबाबांना लागून राहते. तिकडे थेरपिस्ट रात्री बसून सरावासाठी सणाची चित्रकार्डं छापतात, कापतात, लॅमिनेट करतात. मला दोघांनाही सांगायचं आहे की या दिवसांत वेगळी तयारी जवळजवळ लागतच नाही. बोलण्याचा सराव व्हायला जे लागतं, म्हणजे तेच ते पुन्हा म्हणणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, ओळखणं, मागणं, सांगणं, ते आपल्या सणांच्या रीतींमध्ये आधीपासून आहे. कोणत्या मुलाकडून नेमकं काय करून घ्यायचं, तेवढं मात्र आधी ठरवावं लागतं.

हे ‘नेमकं काय’ समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण स्पीच थेरपी या एका नावाखाली फार वेगवेगळ्या अडचणी येतात. फराळाचं एक ताट घ्या आणि त्याभोवती चार मुलं बसली आहेत असं समजा. पहिलं मूल करंजीला ‘तरंजी’ म्हणतं. त्याची जीभ क साठी मागे उचलली जाण्याऐवजी पुढे दातांजवळ लागते. दुसरं ‘कलंजी’ म्हणतं, त्याचा क पक्का आहे, र यायचा आहे. तिसरं तीन वर्षांचं आहे, ते एका वेळी एकच शब्द बोलतं. ‘करंजी’ एवढंच म्हणून हात पुढे करतं. त्याच्यासाठी उच्चार सध्या बाजूला, ‘करंजी दे’, ‘मोठी करंजी’ असे दोन शब्द जोडणं हे लक्ष्य. चौथं सात वर्षांचं, उच्चार स्वच्छ, पण करंजी कशी केली हे विचारलं की ‘ते असं करतात, मग ते टाकतात’ इथेच अडतं. त्याला क्रमाने सांगणं शिकायचं आहे: आधी पारी लाटली, मग सारण भरलं, मग कडा मुडपल्या, मग तळलं. ताट एकच, पण चौघांचं काम वेगळं. म्हणून माझा आग्रह असतो की आधी मुलाचं लक्ष्य कागदावर लिहा आणि मगच ताटाकडे बघा. उलट केलं तर तास मजेत जातो आणि मूल जिथे होतं तिथेच राहतं.

आवाज बसवायला आकडा लागतो

उच्चार हे स्नायूंचं काम आहे. सायकल शिकताना जसं शरीराला तोल कळेपर्यंत फेऱ्या मारत राहावं लागतं, तसंच जिभेचं आहे. नवा आवाज बसवायचा असेल तर अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये तो पन्नासच्या वर वेळा तोंडातून यावा असा प्रयत्न असतो. कार्डांच्या खेळात खरी अडचण इथे येते. फासा टाकायचा, सोंगटी हलवायची, कार्ड उलटायचं, त्यावर बोलायचं, आणि अर्धा तास संपतो तेव्हा मुलाने तो आवाज जेमतेम पंधरा वेळा काढलेला असतो.

यासाठी मला सगळ्यात आवडते ती ठिपक्यांची रांगोळी. पाटी आणि खडू घ्या, किंवा अंगणात थोडी रांगोळी. सात ओळींत सात सात ठिपके, म्हणजे ४९. प्रत्येक ठिपका देताना मूल ठरलेला शब्द एकदा म्हणतं. क असेल तर करंजी, कंदील, किल्ला, कडबोळी. र असेल तर रवा, रंग, रांगोळी. श असेल तर शेव, शंकरपाळे. ठिपके पूर्ण झाले की ४९ उच्चार झाले, आणि मुलाला दमल्यासारखंही वाटत नाही, कारण त्याचं लक्ष ठिपक्यांच्या ओळी सरळ येतात की नाही इथे असतं. मग ठिपके जोडताना प्रत्येक रेषेला एक वाक्य: ‘कंदील वर टांगला’, ‘काकू करंजी करते’. आवाज आधी सुटा, मग अक्षरात, मग शब्दात, मग वाक्यात आणि शेवटी गप्पांमध्ये, अशा पायऱ्यांनी थेरपी पुढे जाते, आणि त्यातल्या दोन पायऱ्या एकाच रांगोळीत चढून होतात. ज्या मुलाचा आवाज अजून शब्दात येत नाही, त्याने ठिपक्यागणिक नुसतं ‘का’, ‘कू’, ‘को’ म्हटलं तरी चालतं.

शब्द निवडताना आवाजाची जागा बघा. ‘करंजी’त क सुरुवातीला आहे, ‘चकली’त मधे, ‘मोदक’ आणि ‘पाक’ यांत शेवटी. काही मुलांना सुरुवातीचा क अवघड आणि शेवटचा सोपा जातो, म्हणून मोदकापासून सुरुवात केली तर गाडी लवकर पुढे सरकते. गणपती दिवाळीच्या आधी येतो हे इथे सोयीचंच पडतं.

शाबासकी कशी द्यायची हेही सांगते. नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं की मुलाला कळतं की आई खूश आहे. आवाज बरोबर आला की नाही हे कळत नाही. ‘जीभ मागे गेली, क ऐकू आला’ असं म्हटलं की कळतं. सुरुवातीला प्रत्येक वेळी सांगा. आवाज बसत आला की सांगणं कमी करा आणि मुलालाच विचारा, ‘आता कसा आला?’ स्वतःचं ऐकता येणं हा या कामाचा मोठा टप्पा आहे.

संक्रांतीचं एक तंत्र नागपूरच्या मुलांसाठी अगदी हाताशी आहे. क मागून येत नसेल तर थेरपिस्ट कधी कधी मुलाला मान मागे करायला किंवा आडवं झोपायला सांगतात. त्या स्थितीत जीभ आपल्या वजनाने मागे सरकते आणि क सापडायला मदत होते. गच्चीवर पतंग बघणाऱ्या मुलाची मान आपोआप वर असते आणि चहूकडून ‘ओ काट’ चालू असतं. फक्त सुरुवातीला पूर्ण ‘काट’ म्हणायला लावू नका. ट पुढचा आवाज आहे, तो क ला स्वतःकडे ओढतो आणि मूल ‘टाट’ म्हणतं. आधी नुसतं ‘का!’ ओरडू द्या, तो पक्का झाला की ट जोडा. (मांजा नायलॉनचा नको. मुलांच्या बाबतीत तर नकोच नको.)

मारबत: ठरलेलं वाक्य, एक मोकळी जागा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक आपल्या शहराची स्वतःची आहे, आणि तिची आरोळी भाषेच्या सरावासाठी घडवल्यासारखी आहे: ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ थेरपीत ज्याला साचेबंद वाक्य म्हणतात ते हेच. वाक्याचा बहुतेक भाग ठरलेला, मुलाने भरायची जागा एकच. ‘खोकला घेऊन जा गे मारबत’, ‘डास घेऊन जा गे मारबत’. जे मूल स्वतःहून वाक्य बांधू शकत नाही, तेही या साच्याच्या आधाराने पाच शब्दांचं वाक्य म्हणून जातं. मग हळूहळू साचा बदलता येतो: ‘माझा ताप घेऊन जा’, ‘दादाचा राग घेऊन जा’.

तयारी म्हणाल तर एक जुनं वर्तमानपत्र. ते पिळून, मधे दोरी बांधून बडग्या करा आणि घरातल्या घरात मिरवा. क वर काम चालू असेल तर कचरा, काटा, केसांतला गुंता. र असेल तर राग, रडणं, रोग. पण या खेळाचा मला वाटणारा खरा उपयोग वेगळा आहे. ज्या मुलांना मनातलं सांगता येत नाही, ती इथे कशाची भीती वाटते, काय नको आहे, हे सांगून जातात. ‘इंजेक्शन’, ‘अंधार’, ‘व्हॅनमधला मुलगा’. असं काही ऐकलं की उच्चार तपासणं थांबवा आणि ऐकून घ्या.

खऱ्या मिरवणुकीला नेणार असाल तर गर्दी आणि ढोल-ताशांचा विचार करा. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना तो आवाज सोसवत नाही. कर्णयंत्र लावणाऱ्या मुलाला अशा गोंगाटात बोलणं वेगळं काढणं फार कठीण जातं, त्यामुळे तिथे त्याच्याकडून उत्तरांची अपेक्षा ठेवू नका.

लाकडी बैल आणि मराठीचं व्याकरण

दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात. मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे बैलापोटी मिळणारे पैसे किंवा खाऊ, घेऊन येतात. भाषा उशिरा येणाऱ्या मुलांसाठी या बैलात अख्खं व्याकरण आहे.

मराठीत ‘बैल’ला प्रत्यय लागला की तो ‘बैला’ होतो: बैलाला, बैलावर. ‘घंटा’ची ‘घंटे’ होते, ‘गळा’चा ‘गळ्या’ होतो. हे बदल मोठ्यांच्या लक्षातही येत नाहीत, पण भाषेची अडचण असलेली मुलं इथे नेहमी अडतात. ‘बैल वर झूल’, ‘गळा घंटा’ असं बोलतात. दुसरी अडचण लिंगाची. पिवळा बैल, पिवळी झूल, पिवळं शिंग: रंग एक, शब्द तीन. बैल सजवता सजवता हे सगळं पुन्हा पुन्हा येतं. शिंगाला रंग लावला. पाठीवर झूल टाकली. गळ्यात घंटा बांधली. मूल चुकलं तर ‘असं नाही म्हणायचं’ असं टोकायचं नाही. मूल म्हणालं ‘गळा घंटा’, तर तुम्ही म्हणा, ‘हो, गळ्यात घंटा!’ आणि पुढे चला. बरोबर रूप लगेच, आनंदात, मुलाच्याच वाक्यावर कानावर पडतं. मुलाकडून ते वदवून घेण्याचा हट्ट नको. ऐकणं पुरेसं झालं की म्हणणं येतं.

दारोदारी जाऊन बोजारा मागणं हा संवादाचा छोटा, पूर्ण प्रसंग आहे: दार वाजवणं, थांबणं, समोरच्याकडे बघणं, मागणं, घेतल्यावर ‘येतो’ म्हणणं. अनोळखी प्रसंगाला बिचकणाऱ्या मुलासाठी आदल्या दिवशी शेजारच्या काकूंच्या दाराचा, बैलाचा आणि बोजाऱ्याच्या नाण्यांचा असे तीन फोटो मोबाइलवर काढा आणि क्रमाने दाखवून सराव करा. पहिली दोन घरं ओळखीची निवडा आणि तिथल्या माणसांना सांगून ठेवा की मूल बोलेपर्यंत जरा थांबा.

भुलाबाईचा डबा

माझ्या मते आपल्याकडे थेरपीसाठी याहून चांगला खेळ नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात घरात भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, बसते. संध्याकाळी मुली जमतात, गाणी होतात आणि शेवटी खाऊ. पण तो सहज मिळत नाही. झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखावं लागतं. डबा हलवून आवाज ऐकवला जातो, प्रश्न सुरू होतात. आता फ्लॅटमध्ये भुलाबाई कमी घरांत बसते, पण डबा आणि खाऊ प्रत्येक घरात आहे.

नुकतंच बोलू लागलेल्या मुलासमोर डबा हलवा, त्याच्याकडे बघा आणि गप्प राहा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे थांबणं हीच या खेळातली थेरपी आहे. मूल डब्याकडे बघतं, मग तुमच्याकडे, मग पुन्हा डब्याकडे. भाषेची सुरुवात या नजरेच्या येण्याजाण्यातून होते. ‘उघड’, नाहीतर ‘उ’, नाहीतर नुसतं बोट दाखवणं, जे येईल ते बोलणं समजून लगेच डबा उघडा. आपण मोठे थांबत नाही, ‘काय पाहिजे? बोल ना, बोल’ असं म्हणत राहतो, आणि मुलाची बोलायची जागा आपणच भरून टाकतो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘काय असेल?’ असा मोकळा प्रश्न जड जातो. त्याला दोन पर्याय द्या: ‘गोड की खारं?’, ‘लाडू की चिवडा?’ उत्तराचा शब्द प्रश्नातच असतो, तो उचलायचा एवढंच काम. पाच वर्षांनंतर मुलाने प्रश्न विचारायचे. भाषेची अडचण असलेली मुलं उत्तरं द्यायला शिकतात पण प्रश्न विचारत नाहीत, कारण थेरपीत आणि शाळेतही दिवसभर प्रश्न दुसरंच कुणीतरी विचारत असतं. इथे प्रश्न न विचारता खाऊ मिळत नाही. ‘गोल आहे का?’ ‘तळलेलं आहे का?’ ‘आजीने केलं का?’

मोठ्या मुलाला यजमान करा. डबा त्याच्याकडे, नाव न घेता वर्णन करायचं: खायचं की प्यायचं, आकार, चव, कशापासून होतं, कधी करतात. शब्द आठवायला वेळ लागतो अशा मुलांना हे फार उपयोगी पडतं. अनारसा हा शब्द सापडत नसेल तेव्हा ‘तांदूळ, गूळ, खसखस, जाळी’ या वाटेने तिथवर पोचता येतं. तीच वाट पुढे वर्गात विज्ञानाचा एखादा शब्द अडतो तेव्हाही वापरता येते.

ळ, आजी आणि पाहुणे

संक्रांतीच्या ‘तिळगूळ’ या एका शब्दात दोन ळ आहेत, म्हणून ळ च्या सरावाला हा शब्द नेहमी सुचवला जातो. ळ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, तो मधे किंवा शेवटीच सापडतो: रांगोळी, केळी, फराळ, गूळ. ऐकण्याचा सराव करायला काळ–काल, वेळ–वेल, चाळ–चाल अशा जोड्या उपयोगी. पण एक गोष्ट आधी तपासा. वऱ्हाडी बोलीत ळ च्या जागी य येतो. डोळा ‘डोया’ होतो, पोळा ‘पोया’. घरात आजी-आजोबा असं बोलत असतील आणि मूलही तसंच बोलत असेल, तर ती घरची बोली आहे. त्यावर उपचार करायचा नसतो. तसंच, घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, हे नागपुरातलं रोजचं चित्र आहे. त्यामुळे मूल उशिरा बोलतं असं म्हणून घरची भाषा बंद करायला सांगतात, तेही चूक आहे. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही, आणि आजीशी ज्या भाषेत बोलायचं ती काढून घेतली तर मुलाचा बोलायचा माणूसच कमी होतो.

पाहुण्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. अडखळत बोलणाऱ्या मुलाला दिवाळीत सगळ्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ म्हणू नका. घाई, उत्साह आणि सगळ्यांच्या नजरा यांनी अडखळणं वाढतं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा नीट सांग’ या सूचनांनी मदत होत नाही. मुलाचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून उडून चुकांवर जातं. तुम्ही स्वतः सावकाश बोला, त्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्या, आणि काकांना फोनवर आधीच सांगून ठेवा.

जी मुलं तोंडाने बोलत नाहीत, चित्रांच्या पाटीवर किंवा टॅबवर बोट ठेवून सांगतात, त्यांच्या पाटीवर सणाचे चार शब्द आधी जोडा: दिवा, लाडू, ‘अजून’, ‘आवाज नको’. शेवटचा सर्वात आधी. दसऱ्याला आपट्याची पानं देताना ‘सोनं घ्या’ हे टॅबवर आधीच रेकॉर्ड करून ठेवलं, तर ते मूलही घरोघर सोनं वाटतं.

कोणता सण घ्यायचा हे घराला विचारूनच ठरवा. दसऱ्याच्या दिवसांत काही मुलं दीक्षाभूमीला जाऊन आलेली असतात. कोणाबरोबर गेलो, काय बघितलं, मग काय झालं, हे फोनमधल्या फोटोंवरून सांगणं हा गोष्ट सांगण्याचा उत्तम सराव आहे. ईदचा शीर खुर्मा, नाताळचा तारा, यांनाही हेच लागू. स्नोमॅनचं कार्ड डिसेंबरच्या नागपुरात कशाला? टोपलीभर संत्री आहेत की. सोलायची, फोडी मोजायच्या, बिया काढायच्या, वाटायच्या.

जपायचं ते थोडक्यात. लहान मुलांना शेंगदाणे, अख्खे काजू, कडक लाडू देऊ नका, आणि चावण्या-गिळण्याची अडचण असलेल्या मुलाला थेरपिस्टला विचारल्याशिवाय चिवडा किंवा तिळगूळ नको. मोठ्या आवाजाचे फटाके सगळ्याच कानांना वाईट.

हे सगळं तपासणीच्या जागी मात्र येत नाही. वर्षापर्यंत बडबड नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडणं नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, तर सण संपायची वाट न बघता दाखवा, आणि सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं अनोळखी माणसाला बहुतेक कळायला हवं. कळत नसेल तरी दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यातून पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टची नोंदणी विचारून घ्या, त्यात संकोच नको.

सेशन बुडणार असतील तर थेरपिस्टकडून एकच लक्ष्य आणि पाच-सहा शब्द लिहून घ्या, रोज दहा मिनिटं पुरे. सुट्टीत एकदा, मुलाला कळू न देता, जेवताना किंवा खेळताना त्याचं मिनिटभराचं साधं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. सरावात म्हटलेला क आणि भावाशी भांडताना आलेला क यांत बराच फरक असतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या सेशनला ते रेकॉर्डिंग घेऊन या, पुढचं लक्ष्य त्यावरूनच ठरतं.